‘डाउट’ की ‘सस्पेक्ट’, ‘बाय’ की ‘अंटिल’: यादी पाठ असूनही शब्द का चुकतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही मराठी माध्यमातून शिकलात, आता पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहात. गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्यांची लांबलचक यादी तुम्ही पाठ केली आहे. त्यावर कुणी प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर येतं, पण मेल लिहायला बसलं की नको तोच शब्द पडतो. साहेबांनी लाल केलेलं वाक्यही तुम्ही दिलंय: ‘आय डाउट द व्हेंडर हॅज बिल्ड अस ट्वाइस. प्लीज कन्फर्म अंटिल फ्रायडे.’ आणि विचारलंय, या जोड्या लक्षात राहण्यासाठी काही युक्ती आहे का?

माझ्या मते तुमची अडचण लक्षात राहण्याची नाहीच. ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ यांतला फरक तुम्हाला विचारला असता तर तुम्ही तो धडाधडा सांगितला असता. पण मेल लिहिताना मनात वाक्य तयार झालं ते मराठीत: ‘व्हेंडरने दोनदा बिल लावलंय असा मला संशय आहे, शुक्रवारपर्यंत कळवा.’ ‘संशय’ला मनात जो इंग्रजी शब्द चिकटलेला होता तो आला, ‘पर्यंत’ला जो चिकटलेला होता तो आला. यादीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात, म्हणून निवड करावी लागते. लिहिताना एकच शब्द आठवतो, त्यामुळे इथे निवड करायची आहे हेच ध्यानात येत नाही. म्हणून इंग्रजी जोड्यांची यादी कितीही घोकली तरी मेल सुधारत नाही.

मी इंग्रजी-मराठी भाषांतर करते, बहुतेक बँका, विमा आणि कोर्टकचेरीची कागदपत्रं. मध्यंतरी बरीच वर्षं कार्यालयीन इंग्रजीचे वर्गही घेतले. त्या अनुभवावरून माझा सल्ला असा: यादी उलटी करा. सुरुवात इंग्रजी शब्दापासून न करता मराठी शब्दापासून करा. इंग्रजीत जाताना कोणत्या मराठी शब्दाला दोन फाटे फुटतात ते माहीत हवं. रोजच्या कामात असे शब्द फार नसतात. संशय, पर्यंत, पासून, नाकारणे, शोधणे, चोरणे, सांगणे, पाहणे, ऐकणे, उसने, घर. यांपैकी एखादा मनात आला की हात थांबला पाहिजे. एवढी सवय लागली तरी बरंच काम होतं.

अर्थात तुम्ही कुणाला लिहिता यावर बरंच अवलंबून आहे. समोरचा भारतीय असेल तर तो तुमच्या इंग्रजीमागचं मराठी किंवा हिंदी ओळखून अर्थ लावून घेतो. ऑडिटर, परदेशी ग्राहक किंवा वकील तसं करेलच असं नाही. त्यामुळे खाली जिथे मी ‘सोडून द्या’ म्हणते, ते तुमच्या रोजच्या पत्रव्यवहारापुरतं समजा.

आता ‘संशय’. इंग्रजीत ‘डाउट’च्या पुढे जे विधान येतं ते खरं नसावं असं बोलणाऱ्याला वाटत असतं. ‘सस्पेक्ट’च्या पुढे येतं ते खरं असावं असं वाटत असतं. ‘आय डाउट ही टुक द मनी’ म्हणजे त्याने पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. ‘आय सस्पेक्ट ही टुक द मनी’ म्हणजे पैसे त्यानेच घेतले असणार. दोन्ही शब्दांचा कोशातला मराठी अर्थ ‘शंका, संशय’ असा सापडतो आणि वाक्यात मात्र ते एकमेकांच्या थेट विरुद्ध जातात. तुमच्या वाक्याचा अर्थ झाला, ‘व्हेंडरने आपल्याला दोनदा बिल लावलं असेल असं मला वाटत नाही.’ साहेबांना प्रकरण ठाऊक होतं म्हणून त्यांनी शब्द सुधारला. ज्याला ठाऊक नव्हतं त्याने ‘चला, काही अडचण नाही’ म्हणून फाइल मिटली असती.

यासाठी माझी एक साधी कसोटी आहे, तीही मराठीतच करायची. वाक्याला ‘की नाही, शंकाच आहे’ जोडून बघा आणि मग ‘असावं’ घालून बघा. ‘तो येतो की नाही, शंकाच आहे’ हे तुमच्या मनातलं असेल तर ‘डाउट’. ‘त्यानेच केलं असावं’ हे मनातलं असेल तर ‘सस्पेक्ट’. पुढे वाक्याऐवजी नुसता माणूस आला तरी फरक राहतोच. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. ‘आय सस्पेक्ट हिम’ म्हणजे हे त्याचंच काम आहे असं मला वाटतं.

याच ओघात ‘आय हॅव अ डाउट’. वर्गात हात वर करून आपण सगळे हेच म्हणत आलो, कारण मराठीत शंका विचारायची असते. भारतात हे सर्रास चालतं आणि चालू द्यावं, यावर नाक मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. पण परदेशी ग्राहकाला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर इन्व्हॉइस’ असं लिहिलंत तर आपल्या बिलाच्या खरेपणावरच बोट ठेवलंय असं त्याला वाटू शकतं. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा.

‘पर्यंत’वर जरा जास्त वेळ घालवते, कारण माझ्या पाहण्यात कार्यालयीन मेलमध्ये सर्वांत जास्त गोंधळ याच शब्दाने होतो. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ या दोन्हींत आपण ‘पर्यंत’ म्हणतो. पण पाठवणं एकदाच घडतं, कोणत्या तरी एका क्षणी. थांबणं मात्र शुक्रवार येईतो चालूच राहतं. इंग्रजीला हा फरक महत्त्वाचा वाटतो. एकदाच घडणारी आणि मुदत असलेली गोष्ट असेल तर ‘बाय फ्रायडे’. सतत चालू राहणारी असेल तर ‘अंटिल फ्रायडे’. कसोटी पुन्हा मराठीतलीच: ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा शुक्रवारी’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी कळवा’ हे जमतं, म्हणजे ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी थांबा’ हे विचित्र वाटतं, म्हणजे ‘अंटिल’. ‘प्लीज कन्फर्म अंटिल फ्रायडे’ याचा शब्दशः अर्थ शुक्रवार उजाडेपर्यंत कन्फर्म करत राहा असा होतो.

नकार आला की प्रकरण आणखी अवघड होतं. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट मिळणार नाही’ या वाक्यातून रिपोर्ट नक्की कधी मिळणार? मराठीत ते संदर्भावर सोडलेलं आहे. इंग्रजीत ‘यू वोन्ट गेट द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ म्हटलं की समोरचा शुक्रवारी रिपोर्टची वाट बघतो. त्यातून ‘आधी नाही, शुक्रवारी मिळेल’ हे सूचित होतं. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हटलं तर शुक्रवारची मुदत चुकणार, त्यानंतर कधीतरी मिळेल. एकाने शुक्रवारी मीटिंग ठेवायची आणि दुसऱ्याने सोमवारी रिपोर्ट द्यायचा, असे घोटाळे यातूनच होतात. अशा वेळी मी तर ‘पर्यंत’चा नादच सोडते आणि सरळ ‘यू विल गेट इट ऑन मंडे’ असं लिहायला सांगते.

करारात आणखी एक वाद निघतो: शुक्रवार धरायचा की नाही? म्हणून वकील नुसतं ‘बाय’ न लिहिता ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात, म्हणजे त्या तारखेला किंवा त्याआधी. पैशांचा किंवा मुदतीचा मामला असेल तर तुम्हीही तेच लिहा. दिसायला रूक्ष आहे, पण पुढे तारखेवरून भांडण होत नाही.

‘टिल’ आणि ‘अंटिल’ एकच, हेही सांगून टाकते. ‘टिल’ हे ‘अंटिल’चं आखूड रूप असं बहुतेकांना वाटतं, प्रत्यक्षात ‘टिल’ हा शब्द जुना आहे. स्पेलिंगमध्ये मात्र ‘टिल’ला शेवटी दोन एल आणि ‘अंटिल’ला एक. आपल्याकडचं ‘टिल डेट’ मात्र भारताबाहेर ‘टू डेट’ असं लिहितात.

काही ठिकाणी आपली मराठीच जास्त काटेकोर आहे आणि आपण तिचा फायदा घेत नाही. ‘दोन दिवसांनी’ आणि ‘दोन दिवसांत’ यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो. ‘आय विल कॉल यू इन टू डेज’ हे ‘दोन दिवसांनी’च्या जवळचं आहे आणि ‘विदिन टू डेज’ म्हणजे ‘दोन दिवसांत, त्याआधीही चालेल’. मनात ‘दिवसांत’ आहे म्हणून ‘इन’ लावलं की ग्राहक दोन दिवस फोनची वाट बघत बसत नाही, तो तिसऱ्या दिवसाची तयारी ठेवतो.

‘पासून’ थोडक्यात. ‘२०२२ पासून’ हा आरंभबिंदू आहे, म्हणून ‘सिन्स’. ‘दोन वर्षांपासून’ हा कालावधी आहे, म्हणून ‘फॉर’. ‘सिन्स टू इयर्स’ ही चूक सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळे करतात.

आता ‘शोध’. हा शब्द आपल्याकडे इतका पसरलेला आहे की त्याला दोन नाही, चार फाटे आहेत. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लावला. अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी टेलिफोनचा शोध लावला, त्यांना १८७६ मध्ये पेटंट मिळालं. मराठीत दोघांनीही ‘शोध लावला’. इंग्रजीत रामन यांनी ‘डिस्कव्हर’ केलं, कारण प्रकाश तसाच विखुरत होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच. बेल यांनी ‘इन्व्हेंट’ केलं, कारण टेलिफोन आधी नव्हताच. हा फरक केवळ भाषेचा नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ सांगतं की एखादं वैज्ञानिक तत्त्व नुसतं उघडकीस आणणं किंवा निसर्गात असलेला पदार्थ सापडणं हे ‘इन्व्हेन्शन’ नव्हे, त्यावर पेटंट मिळत नाही. म्हणजे भाषांतर करणाऱ्याने इथे दोन्हींना ‘शोध’ म्हटलं तर कलमच निरर्थक होतं. मराठी कायदेशीर मजकुरात म्हणून या दोन्हींसाठी वेगळे शब्द वापरावे लागतात.

पण तुम्हाला पेटंटशी कर्तव्य नाही. तुमच्या टेबलावर येणारा ‘शोध’ वेगळा: ‘मी बिल शोधलं, मिळालं नाही.’ याचं इंग्रजी बहुतेक जण ‘आय सर्च्ड द इन्व्हॉइस’ असं करतात. ‘सर्च’च्या पुढे थेट नाम आलं तर ते शोधण्याची जागा असते, शोधायची वस्तू नसते. ‘सर्च द बॅग’ म्हणजे बॅगेची झडती. ‘सर्च फॉर द बॅग’ म्हणजे हरवलेल्या बॅगेचा शोध. तेव्हा ‘आय सर्च्ड द इन्व्हॉइस’ म्हणजे तुम्ही बिलाच्या कागदात काहीतरी धुंडाळलं. मधला ‘फॉर’ गेला की अर्थ बदलतो. पोलिसांनी एखाद्याला ‘सर्च’ केलं आणि पोलिसांनी त्याच्यासाठी ‘सर्च’ केलं, यांत एक माणूस समोर उभा आहे आणि दुसरा पळालेला आहे.

इथे मला माझा दुसरा मुद्दा मांडायचा आहे. नुसता शब्दाचा अर्थ पाठ करू नका. त्या शब्दाच्या पुढेमागे काय येतं ते पाहा. मी याला शब्दाची संगत म्हणते. बऱ्याच जोड्यांत अर्थाचा बारीक फरक पकडता येत नाही, पण संगतीचा फरक ढळढळीत असतो.

‘नाकारणे’ घ्या. ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’. त्याने सही करायला नकार दिला: ‘ही रिफ्यूज्ड टू साइन.’ त्याने सही केल्याचं नाकारलं: ‘ही डिनाइड साइनिंग.’ ‘रिफ्यूज’च्या पुढे ‘टू’ येतो, कारण पुढची कृती करायचीच नाही. ‘डिनाय’च्या पुढे ‘आयएनजी’ येतो, कारण जी कृती झाल्याचं म्हणताहेत ती झालीच नाही असं म्हणायचं आहे. मराठी वर्तमानपत्रं हा फरक रोज करतात: ‘बोलायला नकार दिला’ आणि ‘आरोप फेटाळले’. म्हणून मनात ‘नाकारणे’ आलं की आधी स्वतःला विचारा, इथे ‘नकार दिला’ बसतंय की ‘फेटाळलं’. ‘डिनाय’चा आणखी एक वापर आहे, एखाद्याला हक्काची गोष्ट न देणे: ‘ही वॉज डिनाइड एंट्री’, त्याला प्रवेश दिला नाही. विम्याच्या पत्रांत दावा नाकारला की ‘रिप्यूडिएट’ हा शब्द सर्रास दिसतो. तो त्या धंद्याचा शब्द आहे, पत्र वाचताना ओळखता आला म्हणजे पुरे, स्वतः वापरायची गरज नाही.

‘चोरणे’ही तसंच. ‘स्टील’च्या पुढे चोरीला गेलेली वस्तू येते, ‘रॉब’च्या पुढे लुटला गेलेला माणूस किंवा जागा. पैसे ‘स्टोलन’, बँक ‘रॉब्ड’. ‘द बँक वॉज स्टोलन’ म्हटलं तर कुणी अख्खी बँकच उचलून नेली. कायद्याच्या भाषेत ही उतरंड आणखी नेमकी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘थेफ्ट’ कलम ३०३ मध्ये, ‘रॉबरी’ ३०९ मध्ये आणि ‘डकॉइटी’ ३१० मध्ये आहे. मराठीत अनुक्रमे चोरी, जबरी चोरी आणि दरोडा. जबरी चोरी करणारे पाच किंवा त्याहून जास्त असले की तो दरोडा. चौघांनी मिळून बँक लुटली तर बातमीत खुशाल ‘दरोडा’ छापून येतो, पण आरोपपत्रात तो शब्द चालणार नाही. आणि ‘डकॉइटी’ हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच उचललाय, ‘डकैती’वरून.

‘सांगणे’ आणि ‘म्हणणे’ यांची संगत मात्र इंग्रजीशी जुळत नाही. आपण ‘त्याने मला सांगितलं’ म्हणतो आणि ‘तो मला म्हणाला’ही म्हणतो. इंग्रजीत ‘टेल’ला ऐकणारा लागतो: ‘ही टोल्ड मी.’ ‘से’ला लागत नाही, आणायचाच असेल तर मध्ये ‘टू’ घालावा लागतो. ‘एक्स्प्लेन’ हा ‘टेल’सारखा वागेल असं वाटतं, पण तो ‘से’च्या बाजूचा आहे. ‘एक्स्प्लेन मी’ नाही, ‘एक्स्प्लेन इट टू मी’.

‘सी’, ‘लुक’, ‘हिअर’, ‘लिसन’ या जोड्यांबद्दल मला शाळेतल्या शब्दार्थांच्या पाटीवर राग आहे. तिथे ‘सी म्हणजे पाहणे, लुक म्हणजे पाहणे’ असं शिकवतात आणि मग मुलं गोंधळली की पुन्हा जोडी पाठ करायला लावतात. मराठीच्या व्याकरणातच याचं उत्तर आहे. ‘मला दिसतं’ आणि ‘मी बघतो’. ‘मला ऐकू येतं’ आणि ‘मी ऐकतो’. जिथे मराठीत ‘मला’ लागतं, तिथे गोष्ट आपोआप घडते, आपण मुद्दाम करत नाही. ते ‘सी’ आणि ‘हिअर’. जिथे ‘मी’ येतं तिथे मुद्दाम लक्ष दिलेलं असतं, ते ‘लुक अॅट’ आणि ‘लिसन टू’. फोनवर ‘आवाज ऐकू येतोय का?’ असं आपण विचारतो, ‘आवाज ऐकताय का?’ असं विचारत नाही. म्हणून ‘कॅन यू हिअर मी?’ ‘मला आठवतं’ म्हणजे ‘रिमेंबर’ आणि ‘आठवण करून देणे’ म्हणजे ‘रिमाइंड’, हेही त्याच वळणाचं. अपवाद आहेत, सिनेमा ‘सी’ही करतात आणि ‘वॉच’ही करतात. पण दहातल्या आठ वेळा ‘मला’ची खूण कामाला येते.

आता ‘घर’. ‘हाउस म्हणजे वास्तू, होम म्हणजे जिव्हाळा’ हे भाषणात ठीक आहे, लिहिताना त्याचा उपयोग नाही. बँक ‘होम लोन’ देते, ‘हाउस लोन’ म्हणत नाही. पगारपत्रकात ‘हाउस रेंट अलाउन्स’ असतो, ‘होम रेंट’ नसतो. यात जिव्हाळ्याचा काय संबंध? मराठीतही आपण ‘गृहकर्ज’ घेतो आणि ‘घरभाडं’ भरतो, ‘गृहप्रवेश’ करतो आणि ‘घरपट्टी’ भरतो. उलट करून बघा, कानाला खटकेल. कारण विचाराल तर सांगता येणार नाही, तसं ऐकत आलोय एवढंच. इंग्रजीतल्या अशा कित्येक जोड्या इतिहासाने तयार झाल्या. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली आणि जुन्या इंग्रजी शब्दाशेजारी फ्रेंच शब्द येऊन बसला. ‘बिगिन’ जुना, ‘कमेन्स’ फ्रेंचकडून आलेला. अर्थ एकच, पण काम ‘कमेन्स’ होतं ते टेंडरमध्ये आणि करारात, चहाच्या टेबलावर नाही. मराठीत संस्कृत आणि फारसी शब्दांचे थर असेच एकावर एक आहेत. ‘अर्ज’ तहसील कचेरीत करतो, ‘विनंती’ कुणालाही.

म्हणजे इथवर दोन गोष्टी झाल्या: मराठी शब्दाचे फाटे ओळखा, आणि इंग्रजी शब्द त्याच्या संगतीसकट उचला. तुमच्या यादीतल्या उरलेल्या जोड्या मी दोन ढिगांत टाकते.

पहिला ढीग स्पेलिंगचा. ‘प्रिन्सिपल’चे दोन स्पेलिंग, ‘स्टेशनरी’चे दोन, ‘अॅडव्हाइस’ आणि ‘अॅडव्हाइज’, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’. इथे अर्थाचा गोंधळ नसतोच. कर्जाचं मुद्दल आणि कॉलेजचे प्राचार्य यांचं स्पेलिंग एक, तत्त्व म्हणजे ‘प्रिन्सिपल’चं वेगळं. ‘अॅडव्हाइस’ नाम आणि ‘अॅडव्हाइज’ क्रियापद, मोठ्याने उच्चारलं की कळतं. ‘अफेक्ट’ बहुतेक वेळा क्रियापद, ‘इफेक्ट’ बहुतेक वेळा नाम. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात म्हणून एक अपवाद सांगते: बँकेच्या पत्रात ‘टू इफेक्ट पेमेंट’ दिसलं तर ते चुकलेलं नाही. तिथे ‘इफेक्ट’ क्रियापदच आहे, पेमेंट करणे या अर्थी. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या ढिगातले नाहीत, पण त्यांच्यासाठी एवढंच पुरेल: कर्जाच्या कागदांवर तुमच्या सहीखाली ‘बॉरोअर’ छापलेलं असतं.

दुसरा ढीग बारीक छटांचा. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ यांतला फरक सरळ आहे आणि शिकण्याजोगा आहे. ६ जून १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक ‘हिस्टॉरिक’, त्या काळावर लिहिलेली कादंबरी ‘हिस्टॉरिकल’. ‘इकॉनॉमिक’ अर्थव्यवस्थेचं, ‘इकॉनॉमिकल’ काटकसरीचं. हेही शिका. पण ‘कंटिन्युअस’ आणि ‘कंटिन्युअल’, ‘लेस’ आणि ‘फ्युअर’ यांच्यासाठी जीव काढू नका. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्युअर’च हवं, या नियमाचं मूळ रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रजाने १७७० मध्ये मांडलेल्या पसंतीत आहे. त्यानेही ‘मला हे जास्त बरं वाटतं’ अशा सुरातच ते लिहिलं होतं. त्याआधी कित्येक शतकं इंग्रज लोक ‘लेस’ दोन्हीकडे वापरत होते आणि आजही बोलताना वापरतात. तुमच्या मेलमध्ये ‘लेस इन्व्हॉइसेस’ गेलं तर कुणाचं नुकसान होत नाही. ‘डाउट’ चुकीचा गेला तर होतं.

सरावाचं म्हणाल तर वेगळं पुस्तक घेऊ नका. तुमच्या मेलचा पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर उघडा आणि त्यात ‘अंटिल’, ‘डाउट’, ‘सर्च’, ‘डिनाय’ हे शब्द शोधा. जिथे सापडतील ती वाक्यं वहीत उतरवा, वर मनातला मराठी शब्द लिहा आणि वाक्य दुरुस्त करा. बहुतेक वेळा असं दिसेल की जोडीतला एक शब्द तुम्ही सगळीकडे वापरलाय आणि दुसरा कधीच नाही. मग दोन्हींचा अभ्यास कशाला? जो वापरला नाही तेवढाच घ्या. आठवडाभर फक्त ‘बाय’ची वाक्यं लिहा. दोन सारखे शब्द एकाच दिवशी शेजारी मांडून शिकवले की माझ्या वर्गातला गोंधळ वाढायचा, एकेक शिकवले की कमी व्हायचा.

कोश वापरायचा तर इंग्रजी-मराठी नको, शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी कोश घ्या. ऑक्सफर्डचा ए. एस. हॉर्नबी यांनी सुरू केलेला कोश आहे, तो मुळात जपानमधल्या विद्यार्थ्यांसाठी तयार झाला होता आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढला. आज तो ऑनलाइन फुकट बघता येतो. त्यात अर्थापेक्षा उदाहरणाची वाक्यं वाचा, शब्दाच्या पुढे ‘टू’ येतो की ‘फॉर’ येतो हे तिथे कळतं. व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ते ‘सिन्स टू इयर्स’ बहुधा पकडेल, पण ‘आय डाउट द व्हेंडर हॅज बिल्ड अस ट्वाइस’ हे व्याकरणाने शुद्ध वाक्य आहे. तुमच्या मनात उलटं होतं हे त्याला कुठून कळणार?

शेवटी तुम्ही लिहिलंय की बँकेच्या परीक्षाही देणार आहात. त्या अभ्यासाचा हिशेब वेगळा ठेवा. तिथे दोन्ही शब्द पर्याय म्हणून समोर येतात, त्यामुळे पाठ केलेली यादी तिथे उपयोगी पडते, ती फेकू नका. आणि तिथे ‘लेस’-‘फ्युअर’बद्दल मी वर जे म्हटलं ते विसरा. मोजता येणाऱ्या नामापुढे पुस्तकात ‘फ्युअर’ दिलंय, तर तिथे मुकाट्याने ‘फ्युअर’वरच खूण करा.